घरची भट्टी: नानकटाईपासून लादी पावापर्यंत

लहानपणी नानकटाई आमच्या घरी होत नसे, बेकरीत होत असे. मे महिन्याच्या सुट्टीत आई मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप मोजून पिशवीत भरायची, पत्र्याचा मोठा डबा माझ्या हातात द्यायची, आणि भर दुपारी आम्ही बेकरीच्या मागच्या दाराशी जाऊन बसायचो. नंबर लागला की तिथले चाचा आमचं सामान परातीत ओतायचे, तळहातानं तूप फेसायचे, काळ्याकुट्ट पत्र्यांवर गोळ्यांच्या रांगा मांडायचे आणि लांब दांड्याच्या फळीनं पत्रा भट्टीत सरकवायचे. आमचं काम एकच, आपल्या पत्र्यावर नजर ठेवायची. नाहीतर दुसऱ्या कुणाच्या डालड्यातल्या नानकट्या आपल्या डब्यात यायच्या.

त्या भट्टीला तापमानाचा काटा नव्हता. चाचा भट्टीच्या तोंडाशी क्षणभर हात धरायचे आणि "अजून जरा थांबा" म्हणायचे. पाठमोरे बसले असले तरी वास बदलला की उठायचे. माझ्या ओट्यावरच्या ओव्हनला आकडे आहेत, टायमर आहे, घंटी आहे. तरी भरवसा शेवटी नाकावरच ठेवावा लागतो. म्हणून नव्यानं भाजायला बसणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असं की आधी आपला ओव्हन ओळखा, कृतींच्या मागे नंतर लागा. पुढे मी मिनिटं देणार आहे, पण ती माझ्या ओव्हनची आहेत.

पदार्थ तीनच घेतलेत: नानकटाई, धोंडस (म्हणजे कोकणातला काकडीचा केक) आणि लादी पाव. आयसिंगचा केक मुद्दाम ठेवला नाही. नवीन माणूस पहिल्याच आठवड्यात त्याच्या मागे लागतो, क्रीम वितळतं, वाढदिवस तोंडावर आलेला असतो आणि ओव्हन वर्षभर पापडाचे डबे ठेवायला वापरला जातो. नानकटाई बिघडली तरी चहाबरोबर संपते.

ओव्हन

घरगुती भाजकामाला २५ ते ३० लिटरचा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, पुरतो. त्याहून लहान घेतला तर पदार्थ आतल्या तापणाऱ्या दांड्यांच्या फार जवळ येतो आणि आत कच्चा असतानाच वरून करपतो. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे पदार्थ होणार नाहीत, त्यात पदार्थ शिजतो पण खरपूस होत नाही. मायक्रोवेव्हला कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवा आत फिरवून भाजायची, सोय असेल तर चालेल. मात्र धातूचा डबा फक्त त्या कन्व्हेक्शनवरच ठेवायचा, चुकूनही मायक्रोवेव्हवर नाही.

ओव्हन घरी आला की प्लग बघा. १५०० वॉटचा ओव्हन साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतो, आणि मोबाईल चार्ज करायचं लहान सॉकेट असतं ६ अँपिअरचं. मी सुरुवातीला जोडपिन लावून त्यावरच चालवला. तिसऱ्या दिवशी पिन इतकी तापली की प्लास्टिकचा वास घरभर. गिझरला असतं तसं १६ अँपिअरचं सॉकेट लागतं, आणि मध्ये एक्स्टेन्शन नको.

आता ओळख करून घ्यायची. ओव्हन १८० अंशांवर लावा, वरच्या-खालच्या दोन्ही दांड्या चालू, आणि १५ मिनिटं रिकामाच तापू द्या. मग विकतच्या ब्रेडचे तुकडे ट्रेभर एकाला एक लागून मांडा आणि मधल्या खाचेत ट्रे सरकवा. आठ-दहा मिनिटांनी बाहेर काढून नीट बघा. कुठले तुकडे तांबूस झाले, कुठले पांढरेच राहिले? माझ्या ओव्हनचा उजवा मागचा कोपरा जहाल आहे, त्यामुळे अर्धा वेळ झाला की मी ट्रे फिरवते. हा नकाशा एकदा मनात बसला की निम्मी लढाई तिथेच संपते. (तुकडे फुकट जात नाहीत, त्यावर लोणी आणि साखर.) शिवाय लहान ओव्हनचा आकडा १०-२० अंश खोटा बोलतो. दोन-चारशे रुपयांचा ओव्हनमधला थर्मामीटर मिळतो, तो जाळीवर उभा करून ठेवा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचं जुनं पातेलं किंवा कढई घ्या. तळाला बोटभर जाड मीठ पसरा, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, आणि मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. धोंडस त्यात फार सुरेख होतं. नानकटाईही होते, वरून जरा फिकी राहते एवढंच. पावाला मात्र ओव्हनच हवा.

काटा आणि डबे

"एक वाटी मैदा" या मापानं जितके केक बसले तितके दुसऱ्या कशानं बसले नसतील. माझी वाटी वेगळी, तुमची वेगळी; त्यातून एकच कप मैदा हलक्या हातानं भरला तर १२० ग्रॅम भरतो आणि दाबून भरला तर १५०. भाजीत हे खपतं, भाजकामात नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. बाकी मोजायचे चमचे, बटर पेपर आणि आठ इंची चौकोनी ॲल्युमिनियमचा डबा. हँड मिक्सर, सिलिकॉनचे साचे, पंधरा नोझलचा संच यांतलं काहीही आत्ता नको.

बेकिंग सोड्याला जागं करायला आंबट काहीतरी लागतं: ताक, दही, लिंबू. बेकिंग पावडरमध्ये ते आंबट आधीच मिसळलेलं असतं. म्हणून एकाच्या जागी दुसरं तितकंच घालून चालत नाही. पावडरीचा डबा वर्षभर कपाटात पडून असेल तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा. सळसळून फेस आला तर ठीक, नाहीतर टाकून द्या.

पहिली पायरी: नानकटाई

नानकटाईचं माहेर सुरत, असं सांगतात. डच व्यापारी गेल्यावर त्यांच्या तिथल्या भट्ट्या पारशी बेकरीवाल्यांकडे आल्या, आणि तिथून ही इराणी-पारशी वाटेनं आपल्या चहाच्या बशीत येऊन पडली. दूध नाही, अंडं नाही, पाण्याचा थेंब नाही, म्हणून टिकते.

साहित्य: मैदा १०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, साजूक तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, बेकिंग पावडर पाव छोटा चमचा, मीठ चिमूटभर, वेलची आणि जायफळ. यात वीस-वीस ग्रॅमच्या अठरा होतात.

माझी पहिली खेप सांगते. घाई होती म्हणून तूप गॅसवर पातळ केलं आणि पिठीसाखर संपली होती म्हणून नुसतीच साखर घातली. ट्रेवर अठरा गोळे ठेवले होते, दहा मिनिटांनी डोकावले तर एकच. ट्रेएवढं थालीपीठ. वड्या पाडून खाल्ल्या आम्ही, चव चांगली होती.

तर तूप थिजलेलं घ्या, कणीदार, बोट सहज रुतेल इतपत मऊ. परातीत घेऊन तळहाताच्या मागच्या भागानं, म्हणजे मनगटाजवळच्या गादीनं, एकाच दिशेनं फेसा. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग पिवळेपणा उतरायला लागतो, परातीला चकाकणारं तूप निस्तेज दिसतं, आणि पाच-सात मिनिटांत ते पांढरंशुभ्र, लोण्यासारखं हलकं होतं. त्याचा ठिपका वाटीभर पाण्यात टाकला तर तरंगतो. मग पिठीसाखर घालून आणखी तीन मिनिटं. या फेसण्यात हवा भरली जाते, आणि नानकटाईचा खुसखुशीतपणा बेकिंग पावडरीपेक्षा या हवेवर जास्त उभा असतो.

मैदा, बेसन, रवा, पावडर, मीठ एकत्र चाळून त्यात घाला आणि बोटांनी फक्त गोळा करा. मळू नका. कणीक तिंबायची सवय असलेल्या हाताला हे जड जातं, पण मळलं की मैद्यातला चिकटपणा जागा होतो आणि नानकटाई दगड होते. गोळा जमत नसेल तर चमचाभर तूप आणखी घाला, दूध नको. झाकून १५ मिनिटं फ्रिजमध्ये.

ओव्हन १६० अंशांवर तापायला लावा. सुपारीहून मोठे, लिंबाहून लहान गोळे करा, हलकेच चपटे करा, मधे अंगठ्यानं खळगा करून पिस्त्याचा काप बसवा. दोन बोटांचं अंतर ठेवा.

१८ ते २२ मिनिटं लागतात. बाराव्या मिनिटाला वास कच्च्या बेसनाचा असतो. पंधराव्याच्या सुमाराला तोच बेसनाच्या लाडवाचा होतो, आणि तिथून पुढे ओव्हनसमोरून हलायचं नाही. वर तडे जातील, रंग जेमतेम बदलेल. एक उचलून तळ बघा. तळ फिकट सोनेरी दिसला की झालं. हाताला मऊ लागेल आणि तुम्हाला वाटेल कच्ची राहिली, आणखी पाच मिनिटं ठेवावी. ठेवू नका. ट्रेवरच गार होऊ द्या, अर्ध्या तासात कडक होते. नवशिक्यांच्या निम्म्या नानकट्या या पाच मिनिटांत करपतात.

पसरली तर तूप पातळ होतं, किंवा ओव्हन पुरता तापला नव्हता. तडे गेले नाहीत, घट्ट राहिली, तर फेसणं कमी पडलं. तोंडात टाळूला चिकटली तर बेसन जास्त. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, पंधरा दिवस राहील. आमच्याकडे चौथ्या दिवशी डब्यात फक्त चुरा असतो.

दुसरी पायरी: धोंडस

केक हा परका पदार्थ आहे असं मानणाऱ्यांनी कोकणात जावं. वर्षानुवर्षं तिथे जून काकडीचं धोंडस होत आलंय: जाड बुडाचं पातेलं चुलीवर, झाकणावर रसरशीत निखारे, खालून-वरून सारखी आच. ओटीजीच्या दोन दांड्या दुसरं काय करतात? गोव्याकडे यालाच तवसळी म्हणतात. तवसं म्हणजे ती मोठी, पिवळसर, जून काकडी. गोव्यातली बेबिंकाही वरच्या आचेवर एकेक थर भाजूनच होते, पण तिला दुपार लागते आणि संयम लागतो, त्यामुळे ती पुढच्या वर्षी.

धोंडस नवीन माणसाला झेपतं कारण त्यात फुगायचं काही नाही. सोडा नाही, यीस्ट नाही, बसण्याची भीती नाही.

काकडीचा तुकडा चाखून बघा, कडू असेल तर सोडून द्या. ४०० ग्रॅम कीस घ्या, पाणी पिळून काढू नका. २०० ग्रॅम तांदळाचा रवा (इडली रवा चालतो) दोन मोठे चमचे तुपावर खमंग भाजा. दुसऱ्या भांड्यात कीस, २०० ग्रॅम चिरलेला गूळ, वाटीभर ओलं खोबरं, वाटीभर नारळाचं दूध आणि चिमूटभर मीठ उकळा, त्यात रवा घाला आणि झाकण ठेवून शिऱ्याइतकं घट्ट होऊ द्या. वेलची, आवडत असेल तर काजू. डब्याला तूप लावून तळाला हळदीचं पान घाला. श्रावण-भाद्रपदात बाजारात सहज मिळतं आणि त्याच्या वासाला पर्याय नाही. १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, कडा सुटून वर तांबूस पापुद्रा येईपर्यंत. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, भुगा होईल. वर लोण्याचा गोळा.

तिसरी पायरी: लादी पाव

पाव हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला. "पायानं तुडवतात म्हणून पाव" हे माझ्या आजीचं व्याकरण, आणि त्या भरात तिनं जन्मभर पावाला हात लावला नाही. ती एकटी नव्हती. १८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत दाखल होताना ख्रिस्ती माणसानं केलेला पाव खाऊन दाखवावा लागे. जातीची बंधनं मानत नाही याची ती खूण होती. आज वडापावाच्या गाडीवर उभं राहून हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. गोव्यात पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर वापरत. आपण यीस्टची पुडी वापरू.

साहित्य: मैदा ३०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, दूध १०० ग्रॅम, पाणी ९५ ग्रॅम, लोणी २५ ग्रॅम. खारं बटर वापरलं तर मीठ ५ ग्रॅमच घ्या. दूध-पाणी कोमट हवं, म्हणजे करंगळी बुडवली तर ऊन लागावं, चटका बसू नये. चटका बसण्याइतक्या गरम पाण्यात यीस्ट मरतं, आणि मेलेलं यीस्ट कितीही वाट पाहिली तरी उठत नाही. तुमचं यीस्ट इन्स्टंट नसून दाणेदार असेल तर आधी कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून भिजवा; दहा मिनिटांत फेस आला तर पुढे जा.

लोणी सोडून सगळं एकत्र करा. पीठ चिकट होईल, हाताला, परातीला, चुकून डोक्याला हात लावला तर केसांनाही. इथे मैदा घालायचा मोह होतो. तो घातला की पाव घट्ट होतात. दहा मिनिटं नुसतं झाकून ठेवा. मैदा पाणी पितो आणि चिकटपणा निम्मा होतो. मग ओट्यावर काढून तळव्यानं पुढे ताणायचं, घडी घालायची, फिरवायचं. पाच मिनिटांनी लोणी घाला. पीठ पुन्हा विस्कटेल, घाबरू नका, आणखी सात-आठ मिनिटांत सावरतं. लहान तुकडा घेऊन बोटांवर हळूहळू ताणा. फाटला तर मळणं बाकी आहे. न फाटता पातळ पडदा होऊन पलीकडचा उजेड दिसला तर झालं. नानकटाईत जो चिकटपणा नको होता, तोच इथे हवा आहे.

तेलाचा हात लावून झाका आणि दुप्पट होऊ द्या. किती वेळ, हे ऋतू सांगेल. मुंबईच्या मे महिन्यात ४० मिनिटं, पुण्याच्या डिसेंबरात दोन तासही लागतात. थंडीत मी भांडं बंद ओव्हनमध्ये उकळत्या पाण्याच्या वाटीशेजारी ठेवते.

हवा हलकेच दाबून काढा, साठ-साठ ग्रॅमचे नऊ गोळे करा. कडा खाली ओढून वरचा भाग ताणलेला, गुळगुळीत ठेवा. तूप लावलेल्या आठ इंची डब्यात तीन-तीनच्या रांगा, मधे बोटभर फट. झाकून अर्धा-पाऊण तास. गोळे फुगून एकमेकांना चिकटतील. अशीच तर लादी होते. बोटानं दाबलं आणि खळगा सावकाश, अर्धवट भरून आला, तर भाजायची वेळ झाली. लगेच उसळून भरला तर थांबा. मुळीच भरला नाही तर उशीर झालाय, ताबडतोब भाजा.

वर दुधाचा हात, १९० अंश, मधली खाच, १८ ते २२ मिनिटं. दहाव्या मिनिटाला वर रंग जास्त वाटला तर फॉइल झाका. बाहेर काढल्या काढल्या लोणी फिरवा आणि ओलसर पातळ फडकं टाका, कवच मऊ पडतं. पाच मिनिटांनी लादी जाळीवर काढा. डब्यातच राहिली तर तळ ओला होतो.

पहिला पाव कापायचा नाही, तोडायचा. मधल्या पावाला चारही बाजूंनी शेजारी असतात, त्यामुळे तो सगळ्यात मऊ असतो, आणि तो ज्यानं मळलं त्याचा. वाफ निघतानाच लोणी लावा. काहीजण आधी मिसळीचा कट तयार ठेवतात. आमच्याकडे तेवढा वेळ कुणी काढत नाही.

हे पाव विकतच्या पावासारखे चार दिवस मऊ राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी तव्यावर लोण्यात परतून घ्या. त्यानंतरही उरले तर कुस्करून फोडणीचा पाव करा, फोडणीच्या पोळीसारखाच: मोहरी, हिंग, कांदा, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, चिमूटभर साखर आणि वरून लिंबू. पाण्याचा हबका मात्र कमीच मारा, पोळीपेक्षा पाव लवकर गिच्च होतो.